यांच्या नावाची जागा

माझ्या सासूबाई शिवणाला शिवण म्हणत नसत. लुगडं फाटलं की त्यांना "टाके घालायचे" असत. कारण मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, नाव सदाशिव. त्यातलं निम्मं शिवणात येतं आणि उरलेलं निम्मं 'सदा'त, म्हणून शेजारचं पोर सदा रडतं असंही त्यांना म्हणता यायचं नाही. ते बिचारं 'उठल्यासुटल्या' रडायचं. बाईनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, घेतलं तर त्याचं आयुष्य उणं होतं, हे आमच्या वेळी घरोघरी होतं. पण आमच्या सासूबाईंनी त्याचं पुरतं शास्त्र बनवलं होतं. माझ्या वाट्याला आलेलं नाव तर आणखी अवघड. बापाच्या शब्दाखातर चौदा वर्षं वनवासात गेलेल्या देवाचं नाव, आणि त्याला पुढे चंद्र जोडलेला. चंद्राचं एक वेळ निभतं. पहिला भाग मात्र मराठीत असा पसरलेला आहे की काही विचारू नका. विसाव्याला आपण रोज जो शब्द वापरतो तो माझा गेला. गावाला पोथीत जे म्हणतात ते गेलं. दोन माणसं भेटली की हात जोडून जे म्हणतात तेही गेलं, त्यामुळे दहिवलीला सासरी आल्यापासून मी येणाऱ्याजाणाऱ्याला नुसते हात जोडायची आणि लोक मला मुकी समजायचे. इतकंच काय, 'घराच्या मागे' हे दोन शब्द मला सुटेच ठेवावे लागत. जोडले की मधोमध हे येऊन उभे राहायचे! परवा नातू म्हणाला, "आजी, आता कोण बघतंय? लिहून टाक की." म्हटलं, शहाणाच आहेस. इतकी वर्षं जपलेला माणूस, आता शेवटच्या पानांवर कशाला जोखीम घेऊ?

तर हे प्रकरण त्या नावाचं. आमचं घर दहिवलीला, नदीच्या अंगाला. मामंजी कचेरीतून निवृत्त झाले आणि घरी स्वस्थ बसवेना म्हणून त्यांनी 'उल्हासतीर' नावाचं मासिक पुस्तक काढलं. पुढच्या पडवीत शिळाप्रेस मांडला होता. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे छापखाने तेव्हा मुंबई-पुण्याला. आमच्याकडे गुळगुळीत घासलेला दगड, त्यावर चिकट शाईनं लिहायचं, ओलं फडकं फिरवायचं, रूळ फिरवायचा, कागद ठेवून दाबायचा. ते यंत्र चाललं की कण्हल्यासारखा आवाज यायचा, आणि तिकडे कर्जतच्या स्टेशनात घाटाची इंजिनं धापा टाकत असायची. नवा माणूस विचारायचा, यातलं आजारी कोण? यंत्र चालवायला इब्राहिमभाई होते. पनवेलकडचे, मुंबईत छापखान्यात काम शिकून आलेले. उर्दू त्यांना वाचता येई, आपली बाळबोध अक्षरं त्यांच्या दृष्टीनं नुसती वाळत घातलेली धुणी. शाईत मेण, साबण आणि काजळ पडायचं आणि ती कढवायला चूल एकच, आमची. सासूबाई म्हणत की या घरात आमटीला फोडणी काजळाची आणि काजळाला वास आमटीचा.

दगडावर लिहिण्यात गोम अशी की अक्षरं उलटी काढावी लागतात, आरशात दिसतात तशी. मग ती कागदावर सुलटी उमटतात. मामंजी चांगले लेखक, पण उलटं लिहायला बसले की दिवसभरात अर्धं पान व्हायचं, आणि तेही पाटावर सांडलेल्या मोहरीसारखं. मी डावरी. माहेरी खालापूरला आईनं माझा डावा हात पदराला बांधून ठेवला होता, म्हणून लिहायला मी उजव्या हातानं शिकले. पण डाव्या हाताला मोकळीक मिळाली की त्यातून अक्षरं आपोआप उलटी पडायची, आणि उजव्या हातापेक्षा कितीतरी सुंदर. एकदा चुलीपुढच्या राखेत मी असंच बोट फिरवत बसले होते, ते मामंजींनी पाहिलं. त्यांना असा काही आनंद झाला की त्यांनी चूल ओलांडली. सासूबाई म्हणाल्या, डाव्या हातानं सरस्वती? मामंजी म्हणाले, सरस्वती कागदावर असते, हा नुसता धोंडा आहे. त्यावर खूप वाद झाला आणि शेवटी सासूबाईंनी निवाडा दिला. शिळेवर, डाव्या हातानं, उलटं लिहिलेलं हे लिहिलेलं धरायचं नाही. म्हणजे मला विसाव्याचा तो शब्दही तिथे लिहायला मोकळीक. मी उल्हासतीराचे अंकच्या अंक असे न लिहिता लिहिले.

आता यांच्याविषयी. हे पुण्याला कॉलेजात. लग्न आमचं लहानपणीच झालं होतं, पण मी सासरी नांदायला आले तोवर हे शिकायला गेले. सुट्टीत यायचे तेव्हा हे पडवीत आणि मी स्वयंपाकघरात. आमचं बोलणं म्हणजे यांनी आईला सांगायचं, "आई, पाणी हवंय म्हणावं," आणि मी आईंना म्हणायचं, "देते म्हणावं." पण पुण्याला यांनी आणि यांच्या मित्रांनी एक वर्तमानपत्र चालवलं होतं, 'छात्रदुंदुभि'. वर्तमानपत्र कसलं, हातानं लिहिलेली एकच प्रत, बोर्डिंगच्या ओसरीत सुतळीनं टांगलेली. जुने अंक हे मामंजींना दाखवायला घेऊन यायचे आणि मी ते वालाच्या टोपलीखाली ठेवून वाचायची. एका अंकात यांचा लेख होता, 'खाणावळीच्या आमटीतील डाळीचा शोध'. दिवा घेऊन चौघे जण आमटीत उतरतात आणि तळाशी त्यांना गेल्या वर्षी हरवलेला विद्यार्थी सापडतो, असं काहीतरी. मी इतकी हसले की वाल सांडले. दुसऱ्या अंकात, वाक्य संपल्यावर इंग्रजीसारखा ठिपका द्यावा की न द्यावा, यावर यांनी सहा पानं लिहिली होती आणि त्या सहा पानांत कुठेही ठिपका दिला नव्हता. मी त्या लेखांच्या प्रेमात पडले, सरळ सांगते. लग्न आधीच झालेलं होतं ही सोयच झाली. या माणसाशी मला बोलायचं होतं. रोज, समोर बसून, मधे आई न घालता.

शिमग्याच्या सुट्टीआधी यांनी वडिलांना कळवलं की पुण्यात खोली मिळते आहे, हिला पाठवावं, बिऱ्हाड करू. सासूबाई म्हणाल्या, तुमचं तुम्ही बघा. मामंजी मात्र हादरले. सून गेली तर शिळेवर लिहिणार कोण? उल्हासतीर बंद पडेल! दोन दिवस ते झोपाळ्यावर बसून नुसती कडी वाजवत राहिले. मग त्यांना एक युक्ती सुचली, म्हणजे इब्राहिमभाईंनी सांगितली. मुंबईला खळ लावलेला एक पिवळा कागद मिळतो. त्यावर साधं, सुलटं लिहायचं. तो ओल्या शिळेवर दाबला की अक्षरं उलटी होऊन दगडाला चिकटतात, आणि मग पुढचं नेहमीसारखं. मामंजी म्हणाले, हा कागद चालला तर कोणीही लिहील, मग तू खुशाल जा. आणि पहिला प्रयोग म्हणून त्यांनी जाहीर केलं की उल्हासतीराचा एक अख्खा अंक 'छात्रदुंदुभि'वर काढायचा. पुण्याच्या मुलांचं वर्तमानपत्र, त्याची जन्मकथा, निवडक लेख, संपादकाचं चरित्र, संपादकाचं चित्र. हे आणि यांचे दोन मित्र शनिवारी गाडीनं उतरतील, तेव्हा स्टेशनात उतारूंच्या हातांत अंक असला पाहिजे. मला काय, त्या पिवळ्या कागदांतच माझं पुणं दिसत होतं.

अडचण लिहायला बसल्यावर कळली. कागद म्हणजे शिळा नव्हे, सुलटं म्हणजे उलटं नव्हे आणि उजवा म्हणजे डावा नव्हे. निवाड्याची तिन्ही कलमं गेली! आणि अंकाचा विषय कोण, तर हे. पहिलंच वाक्य, 'छात्रदुंदुभीचे कर्ते चिरंजीव अमुक यांचा जन्म', यातला अमुकच मला लिहिता येईना. मामंजी म्हणाले, तेवढ्या जागा सोड, मी भरीन. मी सोडत गेले. नाव आलं की जागा. विसावा आला की जागा. पण ठिपक्याच्या लेखाशी आले आणि हात टेकले, कारण वाक्यातल्या ठिपक्यांना मराठीत जे म्हणतात त्याच्या शेपटाशी हेच बसलेले आहेत, आणि तो लेख म्हणजे ओळीओळीला तेच. लेख लिहून झाला तेव्हा पान कसर लागल्यासारखं दिसत होतं. सासूबाई शेजारी बसून मोड आलेले वाल सोलत होत्या. मी एकेक शंकेचा शब्द तुकडे करून वाचायची आणि त्या साल उडवता उडवता सांगायच्या, "सोड," नाही तर "चालेल." 'मुरंबा' चालला.

गुरुवारी मामंजी बैलगाडी करून खालापूरला गेले. तिथले एक वृद्ध हेडमास्तर अंकासाठी अभिप्राय देणार होते. संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले. पण हेडमास्तरांनी अभिप्रायाआधी स्वतःच्या कविता काढल्या, आणि शुक्रवारी दुपारी निरोप आला की कविता अजून चालू आहेत, आता येणं थेट शनिवारी स्टेशनावर. इकडे इब्राहिमभाई पडवीत येरझाऱ्या घालत होते. खळीचा कागद सुकून करकरीत झाला की शिळेला धरत नाही.

"वैनी, आत्ता लावला तर लागंल. उद्या नाय लागायचा," ते बाहेरूनच म्हणाले. "त्या भोकांचं काय करायचं ते तुमी ठरवा."

भोकं भरणार कोण? यांचं नाव सासूबाई खुशाल घेऊ शकत, मुलगाच तो. पण त्यांना लिहिता येत नव्हतं. इब्राहिमभाईंना बाळबोध येत नव्हतं. उरले मी. सासूबाईंनी वालाचं सूप बाजूला ठेवलं आणि डोळे मिटून विचार केला. मग म्हणाल्या, "शिळेवर लिहितेस तसंच लिही. डावा हात, उलटं. म्हणजे लिहिलेलं धरायचं नाही." मला इतकं हायसं वाटलं की मी पुढचा विचारच केला नाही. डाव्या हातानं उलटं लिहिलेलं छापल्यावर सुलटं होतं, एवढंच मला ठाऊक. यंत्राला तशी सवयच आहे असं वाटायचं. मी डाव्या हातात टाक घेतला आणि सगळ्या जागा भरल्या. झोकदार, उलट्या. यांचं नाव इतकं सुंदर मी आधी कधी काढलं नव्हतं. भरताना मला लाजही वाटत होती, तेवढं वय होतं माझं.

छापताना मी पडवीत गेले नाही. पाहुण्यांसाठी करंज्या करायच्या होत्या. इब्राहिमभाईंनी अंक छापले, घड्या घातल्या आणि शनिवारी सकाळी गठ्ठा घेऊन ते सरळ स्टेशनात गेले. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. मामंजी खालापूरहून येऊन बैलगाडीतून उतरले, पुण्याची गाडी आली, हे आणि यांचे दोन मित्र, एक ताडासारखा आणि एक तांब्यासारखा, खाली उतरले. कर्जतला गाडी थांबते भरपूर, त्यामुळे उतारूंनी अंक घेतले आणि वाचू लागले. 'छात्रदुंदुभीचे कर्ते चिरंजीव', आणि पुढे काहीतरी भलतंच. कोणी म्हणालं तेलंगी आहे. कोणी म्हणालं मंत्र असावा, पुन्हापुन्हा येतोय. ठिपक्याच्या लेखात तर ओळीत दोनदोनदा! स्टेशनाबाहेर धोंडूदादा हजामतीला बसत. त्यांच्या गिऱ्हाइकानं अर्ध्या गालाला साबण असताना अंक हातात घेतला आणि सहज आरशात बघितलं. ते ओरडलं, "अरे, हे तर सदूभाऊंच्या पोराचं नाव!" झालं. कागदावरचं उलटं शिळेवर सुलटं गेलं होतं आणि अंकात पुन्हा उलटं आलं होतं. धोंडूदादांच्या आरशाला ही झुंबड उडाली. ज्यांना आरसा मिळेना ते घासलेल्या तांब्याच्या बुडात बघू लागले. गाडी सुटायच्या वेळी खिडक्याखिडक्यांतून लोटे बाहेर आले होते, आणि गार्डानं ते पाणी मागताहेत असं समजून शिट्टी थांबवली म्हणतात. हे शेवटचं मला खरं वाटत नाही, पण इब्राहिमभाईंनी शपथेवर सांगितलं.

मामंजी घरी आले ते थेट झोपाळ्यावर जाऊन बसले. भर म्हणजे संपादकाचं चित्र त्यांनी स्वतःच शिळेवर काढलं होतं. चित्राला कसलं आलंय उलटंसुलटं, असं म्हणून सरळ काढलेलं. ते छापून आलं तेव्हा यांच्या डाव्या हातात टाक. सासूबाई चित्राकडे बघून म्हणाल्या, माझा मुलगा डावरा नाही हो. मामंजींनी एकच वाक्य उच्चारलं, पिवळा कागद बाद. मी दाराशी उभी होते. बाद म्हणजे सून इथेच. माझं पुणं त्या तीन शब्दांत बुडालं. मी स्वयंपाकघरात येऊन बिरड्यात तिखट घातलं आणि ते आधी घातलेलं होतं.

तेवढ्यात अंगणात माणसं यायला लागली. दहिवलीतली, शेजारच्या मुद्रे गावातली, एक तर स्टेशनातला हमाल. सगळ्यांना आरशाचा अंक पाहिजे. उल्हासतीर मागायला माणसं घरी आल्याचं मामंजींनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते झोपाळ्यावरून उठले, त्यांची छाती पुढे आली, आणि त्यांनी जाहीर केलं की पुढचा अंक अथपासून इतिपर्यंत उलटाच काढायचा, आणि असं उलटं लिहिणारी सून अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसरी नाही. घ्या! फजिती झाली तरी मी इथेच आणि वाहवा झाली तरी मी इथेच. मी चुलीच्या आडोशाला जाऊन रडले. धुराचं निमित्त होतं, पण चूल विझलेली होती.

मग पानं मांडली. पुरुषांची पंगत. तांदळाच्या भाकऱ्या, तिखटजाळ बिरडं, करंज्या. ताडासारखा मित्र बिरड्यानं घामाघूम झाला होता तरी त्याचं हसू थांबत नव्हतं. मी तूप वाढायला आले, तेव्हा तो म्हणाला की वहिनी, नाव घ्या, त्याशिवाय आम्ही पुढचा घास घेणार नाही. उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायला मुभा असते, तेवढी एकच वाट शास्त्रानं उघडी ठेवलेली. मामंजी खुशीत होते, तेही म्हणाले, घे गं, आज सगळ्या स्टेशनानं घेतलंय. माझ्याजवळ एक ठरलेला उखाणा होता, तुळशीचा, आईनं शिकवलेला. तोच घ्यायचा म्हणून मी तोंड उघडलं. आणि काय झालं देव जाणे, तुळस कुठच्या कुठे गेली आणि मी नवाच उखाणा घेतला. त्यात आरसा आला, यांचं नाव आलं, आणि शेवटी मी सरळ पुणं मागितलं. भर पंगतीत, सासऱ्यांसमोर, तुपाची वाटी हातात धरून. तूप त्या तांब्यासारख्या मित्राच्या करंजीवर किती पडलं ते मला कळलं नाही. त्यानं मात्र हात आडवा धरला नाही.

यांनी मान इतकी खाली घातली की शेंडी सगळ्यांना दिसली. मामंजी हळूच म्हणाले, "आणि शिळेवर कोण लिहिणार?"

दाराच्या चौकटीत सासूबाई उभ्या होत्या. पुरुषांच्या पंगतीत त्या कधी बोलत नसत.

"शिळा घाट चढायची नाही, पण कागद चढेल," त्या म्हणाल्या. "ती पुण्याला लिहील, गार्डाच्या हाती देईल, इब्राहिमभाई उतरवून घेतील. आणि नावं ज्याची त्यानं भरावीत. त्याला काय झालंय?" मग त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं मी उखाण्यात चांदीची वाटी न् सोन्याची परातच घातली. त्यात काही मागता येतं, हे मला सुचलंच नाही गं."

मामंजींनी एक करंजी उचलली आणि स्वतःच्या पानातून सासूबाईंच्या रिकाम्या पाटासमोर नेऊन ठेवली. तो होकार होता, हे सगळ्यांना कळलं.

जेवणं झाल्यावर मागल्या दारी मी यांच्या हातावर पाणी घालत होते. बाकीचे पुढे गेले होते. यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याशी पहिल्यांदा, मधे आई न घालता, बोलले. "चित्रात मीही डावरा झालोय," हे म्हणाले. "बरं झालं. पुण्याला शेजारी शेजारी जेवायला बसलो तर कोपरं लागायची नाहीत."

पुण्याच्या खोलीत पुढची कित्येक वर्षं मी पिवळ्या कागदांवर उल्हासतीर लिहिलं, उजव्या हातानं, सुलटं. हे कॉलेजातून आले की कंदिलाशी बसून जागा भरायचे. स्वतःचं नाव, विसावा, गाव, ठिपके. कधी मुद्दाम भलतेच शब्द भरायचे. एकदा हेडमास्तरांच्या कवितेत यांनी आमटी घातली आणि मामंजींनी ती तशीच छापली. आमची भांडणं, हसणं, सगळं त्या जागांवरून. अक्षर माझं आणि मधेमधे यांचं, असे ते अंक आहेत. कपाटात दोनचार उरलेत, वाळवीनं सुद्धा यांच्याच जागा खाल्ल्या आहेत.

हे प्रकरणही मी तसंच लिहिलं. तो उखाणा मधे सांगितला नाही, कारण त्यात नाव येतं. तो खाली लिहिला आणि नावापुरती जागा सोडली. हे दोन दिवस चष्मा शोधत होते, आज तो यांच्याच कपाळावर सापडला. मग पान पुढे ओढून, जीभ बाहेर काढून, यांनी जागा भरली. अक्षर जरा वाकडं आलंय, पण ते नाव यांच्याच हातचं आहे, आणि छापखान्याला मी बजावून सांगितलंय की सुलटं छापा.

आरशात धरलं तेव्हा सुलटं झालं नाव,
रामचंद्ररावांच्या बिऱ्हाडी मला पुण्यात द्यावा ठाव.